पाहुणे येतील, पण गावात कोण असेल?

२००१ ते २०११ या दशकात उत्तराखंडची लोकसंख्या सुमारे १९ टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात त्याच राज्यातल्या पौडी गढवाल आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मात्र एक टक्क्याहून अधिक घटली. दुष्काळ नव्हता, युद्ध नव्हतं, धरणाने सगळा जिल्हा उठवलाय असंही नव्हतं. माणसं एकेक करून खाली उतरली. ज्या डोंगरी भागाच्या नावाने १९९४चं वेगळ्या राज्याचं आंदोलन पेटलं, तो भाग राज्य हातात आल्यावरही रिकामाच होत राहिला. डोंगराचं पाणी आणि डोंगरातली तरणी पोरं डोंगराच्या कामी येत नाहीत, असं तिकडे जुन्या पिढीपासून म्हणतात. राज्य झाल्यावर हे म्हणणं जुनं होईल, अशी आशा होती.

सरकारने २०१७ मध्ये या प्रश्नासाठी स्वतंत्र पलायन आयोगच नेमला आणि त्याचं मुख्यालय पौडीला ठेवलं. आयोगाच्या २०१८च्या अहवालानुसार आधीच्या दहा वर्षांत १ लाख १८ हजारांहून अधिक लोकांनी गाव कायमचं सोडलं होतं, आणखी पावणेचार लाखांहून अधिक लोक अधूनमधून घरी येत असले तरी राहायला बाहेर होते, आणि २०११ नंतर ७३४ गावं-वस्त्या निर्मनुष्य झाल्या होत्या. तिकडच्या वर्तमानपत्रांत अशा गावांना सर्रास ‘भुतहा गाँव’ म्हणतात. ज्यांच्या आजी-आजोबांची घरं तिथे आहेत त्यांना हा शब्द झोंबतो.

या दुखण्यावर प्रत्येक सरकारने एक औषध आवर्जून लिहून दिलं, ते म्हणजे पर्यटन. २०१८ची दीनदयाल उपाध्याय होमस्टे योजना, चारधामचा रुंद रस्ता, रोपवे, आणि सीमेवरच्या गावांसाठी केंद्राची ‘व्हायब्रंट व्हिलेज’ योजना. शेती परवडत नाही, कारखाना डोंगरावर चढत नाही, तेव्हा हिमशिखर दाखवून पैसे मिळवावेत, हा हिशेब कागदावर चोख आहे. पण ज्यांच्या अंगणात हे सगळं व्हायचं, ते या औषधाबद्दल काय म्हणतात? या लेखात शोध आहे तो त्याचा.

लोकांना पर्यटन हवं की नको, हे मोजायचा उद्योग अभ्यासकांनी गेली पन्नास वर्षं केला आहे. १९७५ मध्ये जॉर्ज डॉक्सी या अभ्यासकाने एक शिडी मांडली. पाहुणे आले की गावकऱ्यांना आधी आनंद, मग त्यांच्याविषयी बेफिकिरी, मग चिडचिड आणि शेवटी उघड वैर. बार्बाडोस बेट आणि कॅनडातलं नायगारा-ऑन-द-लेक हे गाव पाहून त्याने हे मांडलं होतं, म्हणजे डोंगराशी त्याचा संबंध नव्हता. तरी पुढे जगभरच्या घाटमाथ्यांवर तीच शिडी टेकवून पाहिली गेली. १९८० मध्ये रिचर्ड बटलरने पर्यटनस्थळाचं आयुष्य उगवतीपासून उतरणीपर्यंत आखून दाखवलं. नव्वदच्या दशकात देवाणघेवाणीचा सिद्धान्त रुजला. ज्याला फायदा होतो तो बाजूने बोलतो, ज्याला फक्त तोटा सोसावा लागतो तो विरोधात. हे सांगायला सिद्धान्त लागतो का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

या पाहण्यांचा सर्वसाधारण सूर असा, की जिथे दुसरं काही उरलेलं नाही तिथे लोक पर्यटनाचं स्वागत करतात, आणि गर्दी आधीच झालेली असेल तिथे कुरकुर जास्त असते. मला खटकते ती वेगळीच गोष्ट. ओसरत चाललेल्या गावात पाहणी करणारा जातो तेव्हा दार उघडणारा माणूस हा मागे उरलेला माणूस असतो. ज्याला गाव राहण्यासारखं वाटलं नाही, तो यादीतच नाही. डेहराडूनला दोन खोल्यांत राहणारा मुलगा, हल्द्वानीला मुलांच्या शाळेसाठी भाड्याने घर घेतलेली सून, दिल्लीत हॉटेलात काम करणारा भाऊ यांना कुणी विचारत नाही. वास्तविक गावाचं पुढे काय होणार, हे त्यांच्यावरच अवलंबून आहे. घर त्यांच्या नावावर आहे, जमिनीत वाटा त्यांचा आहे. होमस्टे निघाला तर तो त्यांच्या संमतीने निघेल, आणि परत यायचं की नाही हे तेच ठरवतील.

आल्प्समध्ये निदान मतपेटी तरी आहे. स्वित्झर्लंडच्या पर्वतांतल्या लोकांनी पर्यटनावर इतक्यांदा मतदान केलं आहे, की तिथलं लोकमत प्रश्नावलीपेक्षा मतमोजणीतच जास्त स्पष्ट दिसतं. आंडरमाट हे गाव पिढ्यान् पिढ्या लष्करी छावणीवर जगत होतं. शीतयुद्ध संपलं, सैन्य कमी झालं, रोजगार गेला. इजिप्तचा उद्योजक समीह साविरिस तिथे मोठं रिसॉर्ट उभारायचा प्रस्ताव घेऊन आला, तेव्हा २००७ मध्ये गावाने नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी होकार दिला. बुडत्याने दोर धरला, असंच म्हणायचं. पण पाच वर्षांनी, मार्च २०१२ मध्ये, सगळ्या देशासमोर दुसरा प्रश्न आला. कुठल्याही गावात दुय्यम घरं, म्हणजे वर्षातले काही आठवडे उघडणारी सुट्टीची घरं, २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत का? पर्यावरणवादी फ्रान्झ वेबर यांचा हा प्रस्ताव ५०.६ टक्के मतांनी, अगदी काठावर मंजूर झाला. तो मंजूर केला शहरांनी. व्हाले या डोंगरी प्रांतात जवळजवळ तीन चतुर्थांश मतं विरोधात पडली. त्यांचा राग सरळ होता. आमच्या गावात गवंडी, सुतार, प्लंबर या घरांवर जगतात, आणि झुरिकमधला माणूस आमचा डोंगर वाचवायला निघालाय!

एवढ्यावर कुणी म्हणेल, डोंगरातले लोक पर्यटनाच्या बाजूचे आहेत. मग हिवाळी ऑलिम्पिकचं काय? ग्राउब्युंडेन प्रांताने ते २०१३ मध्ये नाकारलं आणि २०१७ मध्ये पुन्हा, जवळजवळ ६० टक्के मतांनी. ऑस्ट्रियातल्या तिरोलने २०१७ मध्ये नाकारलं. ज्या व्हालेने दुय्यम घरांवरचं बंधन झिडकारलं होतं, त्यानेच २०१८ मध्ये ऑलिम्पिकलाही नको म्हटलं. घर बांधलं तर मजुरी गावातल्या माणसाला मिळते, ऑलिम्पिकचं कर्ज मात्र गावाच्या बोकांडी बसतं आणि फायदा दुसरीकडे जातो, असा लोकांचा हिशेब होता. दोन्ही वेळा त्यांनी पर्यटनाला हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. आपल्या ताब्यात काय राहील, हे पाहून त्यांनी मत दिलं.

हीच गोष्ट हिमालयात मतपेटीशिवाय घडली, आणि ती नीट सांगायला हवी. चमोली जिल्ह्यातलं रैणी गाव चिपकोमुळे देशाला माहीत आहे. २६ मार्च १९७४ला गौरादेवींच्या पुढाकाराने तिथल्या बायांनी झाडं वाचवली. याच सुमारास नंदादेवी शिखराचा परिसर परदेशी गिर्यारोहकांना खुला झाला होता, आणि रैणी, लाता या गावांतल्या पुरुषांना हमाल, वाटाडे, स्वयंपाकी म्हणून चांगली कमाई होऊ लागली होती. भारत-चीन युद्धानंतर तिबेटचा व्यापार बंद पडला होता. त्या व्यापारावर जगणाऱ्या इथल्या भोटिया लोकांना गिर्यारोहणाने दुसरा आधार दिला होता. मोहिमांबरोबर कचरा, झाडतोड, शिकारही आली. १९८२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि माणसाला आत जायला बंदी झाली. मोहिमा थांबल्या, मेंढ्या चारायच्या वाटा बंद झाल्या, जडीबुटी गोळा करणं गुन्हा ठरलं. १९८८ मध्ये युनेस्कोने त्या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान दिला. ज्या बायांनी जंगल वाचवलं, त्यांच्याच मुलांना त्या जंगलात शिरायला मनाई, असा हा मान.

१९९८ मध्ये लाता आणि आसपासच्या गावकऱ्यांनी ‘झपटो छीनो’ नावाचं आंदोलन केलं आणि मनाई असलेल्या भागात घुसून आपला हक्क सांगितला. आंदोलनाच्या नावातच मागणी होती, झडप घालून परत घ्या. पुढे नंदादेवी पुन्हा उघडायची चर्चा सुरू झाली, तेव्हा दिल्लीतल्या पर्यटन कंपन्यांचे डोळे तिकडे लागले. ऑक्टोबर २००१ मध्ये गावांनी एकत्र येऊन जैवविविधता आणि पर्यटनाविषयीचा स्वतःचा जाहीरनामा काढला. त्याचा गाभा असा होता, की पर्यटन आम्हाला हवं आहे, पण त्यावर कुणा एकाची मक्तेदारी नको, काम आधी स्थानिकांना मिळावं, बायकांचा वाटा बरोबरीचा असावा, आणि आमच्या संस्कृतीची टिंगल करणारा व्यवहार चालणार नाही. नंतर उद्यानाचा थोडासा भाग मर्यादित संख्येने खुला झाला. जाहीरनाम्यातलं पुष्कळ कागदावरच राहिलं, हे खरं. पण भारतातल्या डोंगरी रहिवाशांनी पर्यटनाविषयी काय म्हटलं, याचं इतकं नेमकं कागदपत्र दुसरं मला माहीत नाही. आणि त्यात ‘उपाय’ हा सूर नाही. जनावरं, शेती, जंगल, यात्रा आणि त्यांच्या जोडीला पाहुणे, अशी ती मांडणी आहे. पर्यटन हा त्या लोकांना जोडधंदा म्हणून हवा होता. सरकारी आराखड्यांमध्ये तो मुख्य धंदा आणि पलायनावरचा इलाजही होऊन बसला.

चारधाम यात्रेचं गणित यापेक्षा कितीतरी मोठं आहे, आणि तिथे रहिवासी एका बाजूला उभे आहेत असं समजणं भाबडेपणाचं होईल. २०२३ मध्ये ५६ लाखांच्या आसपास भाविक चारधामला पोचले. मराठी घराघरांतून एकतरी आजी-आजोबा त्या गर्दीत असतात, त्यामुळे हा आकडा आपल्याला परका नाही. राज्य सरकारने दररोजच्या यात्रेकरूंच्या संख्येवर मर्यादा घातली, तेव्हा मोठा विरोध स्थानिक हॉटेलवाले, पुरोहित आणि गाडीवाले यांच्याकडून झाला आणि २०२३ची यात्रा सुरू होण्याच्या तोंडावर मर्यादा मागे घ्यावी लागली. सहा महिन्यांच्या मोसमावर वर्ष काढायचं, त्यात कर्ज काढून खोल्या बांधलेल्या. वहनक्षमता वगैरे शब्द त्या माणसाला ऐकवणं सोपं आहे, त्याचा बँकेचा हप्ता कुणी भरत नाही. त्याआधी देवस्थानम बोर्डाचा किस्सा झाला होता. २०१९च्या कायद्याने बद्री-केदारसह ५१ देवळांचा कारभार सरकारी मंडळाकडे गेला, तीर्थपुरोहितांनी दोन वर्षं आंदोलन केलं आणि २०२१ मध्ये सरकारला कायदा रद्द करावा लागला. पुरोहितांची बाजू धर्माची होती, तशीच हक्काच्या उत्पन्नाचीही होती, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

केदारनाथची पायवाट आणखी बारकाईने पाहावी. गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरच्या त्या चढणीवर खेचरवाले, डंडी-कंडीवाले, चहाच्या टपऱ्या, रेनकोट विकणारे अशी एक लांबलचक वस्ती मोसमात उभी राहते. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सोनप्रयाग ते केदारनाथ असा १२.९ किलोमीटरचा, ४,०८१ कोटी रुपयांचा रोपवे मंजूर केला. आठ-नऊ तासांची वाट ३६ मिनिटांवर येईल, असं सांगितलं गेलं. म्हाताऱ्या भाविकाला ही सोयच आहे. पण ज्या पर्यटनाने पलायन थांबेल असं सांगितलं, त्यातला सर्वाधिक हातांना मिळणारा पैसा त्या पायवाटेवरच्या आठ तासांतच आहे. माणूस जेवढा हळू वर चढतो, तेवढा तो वाटेत खर्च करतो. आता या वाटेवरचे बरेचसे कष्टकरी नेपाळहून आलेले असतात आणि गढवाली तरुण तोवर डेहराडूनला मोबाइलच्या दुकानात असतो, हेही त्याच चित्राचा भाग आहे. पर्यटनाने रोजगार निर्माण झाला, मात्र तो गावात राहू इच्छिणाऱ्याला हवा तसला होता का, हा प्रश्न आकडेवारीत विरून जातो.

होमस्टेकडे बऱ्याच अपेक्षेने पाहिलं जातं, आणि ते योग्यच आहे. योजनेची एक अट शहाणपणाची होती. मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिलं पाहिजे, आणि खोल्या सहापर्यंतच. पिथौरागढ जिल्ह्यात मुनस्यारीजवळ सरमोली गाव आहे. तिथल्या बायकांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच पाहुण्यांना घरात उतरवायला सुरुवात केली, सरकारी योजना निघायच्या कितीतरी आधी. या कामामागे मल्लिका विर्दी यांच्यासारखी वन पंचायतीत निवडून आलेली कार्यकर्ती होती. त्यामुळे पाहुणे आणि जंगल ही दोन खाती वेगळी राहिली नाहीत. जंगलाच्या कामात हात लावणारी बाईच पाहुणे घेणार, हा दंडक. २०२३ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने सरमोलीला देशातलं सर्वोत्तम पर्यटन गाव ठरवलं. पुरस्कार मिळाला की अधिकारी तिथे नमुना शोधायला जातात, आणि नमुन्याचा साचा करून इतर गावांवर ठोकतात. सरमोलीत वन पंचायत आधी होती, बायकांचं संघटन आधी होतं, मग पाहुणे आले. क्रम उलटा करून तेच फळ मागणं चुकीचं आहे.

पाहुण्याचं अंथरूण, चहा, जेवण, संडासातलं गरम पाणी, हे सगळं घरच्या बाईच्या दिवसात वाढतं. तिचं गवत कापणं, पाणी भरणं, गुरं बघणं कमी होत नाही. म्हणून पाहुण्यांचे पैसे बाईच्या हातात येतात तिथे होमस्टेविषयीचं मत उत्साहाचं असतं. ते नवऱ्याच्या खात्यात जात असतील, तर तिच्या मनात काय आहे हे पाहणी करणाऱ्या पाहुण्याला ती सांगणार नाही.

दुसरी अडचण जमिनीची. पर्यटनाची चाहूल लागली की डोंगरात आधी पोचतो तो दलाल, पर्यटक नंतर. बाहेरच्या माणसाला घरासाठी जमीन घेता येईल ती २५० चौरस मीटरपर्यंत, असं बंधन उत्तराखंडने २००७ मध्ये घातलं होतं. २०१८ मध्ये उद्योगांसाठीची साडेबारा एकरांची मर्यादा काढून टाकली, आणि त्यात पर्यटनही आलं. मग ‘भू-कानून’ची मागणी इतकी पेटली, की डिसेंबर २०२३ मध्ये डेहराडूनच्या रस्त्यावर मूळ निवास आणि भू-कायद्यासाठी मोठा मोर्चा निघाला. पुढाऱ्यांइतकीच त्यात तरुण मुलं होती, आणि त्यातली पुष्कळशी गाव सोडून शहरात राहणारी होती. गावात राहणं त्यांना जमलं नाही, पण गाव दुसऱ्याच्या रिसॉर्टखाली जाणं त्यांना मान्य नव्हतं. २०२५ मध्ये कायदा आला आणि हरिद्वार व उधमसिंह नगर वगळता अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतजमीन घ्यायला बंदी झाली. वरच्या पाहण्यांत ज्यांचा आवाज येत नाही असं मी म्हटलं, तेच हे लोक. त्यांनी प्रश्नावलीत नाही, रस्त्यावर उत्तर दिलं.

पर्यटनाने गाव वाचेल की नाही, याआधी गाव उभं राहील का, हा प्रश्नही आता टाळता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची घरं तडकली, शेकडो घरांना भेगा पडल्या, दोन मोठी हॉटेलं पाडावी लागली. शहर जुन्या भूस्खलनाच्या मलब्यावर बसलंय, जड बांधकाम नको, असं मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितलं होतं. जोशीमठच्या रहिवाशांचा मुख्य रोष जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यावर होता. हॉटेलवाल्यांचं म्हणणं, आम्ही परवानगीने बांधलं, मग भरपाई द्या. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं आणि शहर खचत होतं. ५ ऑगस्ट २०२५ला गंगोत्रीच्या वाटेवरचं धराली ढिगाऱ्याखाली गेलं. तिथला यात्रेचा बाजार, हॉटेलं, होमस्टे खीर गाड या ओढ्याच्या पुराने आणलेल्या जुन्या गाळावर उभे होते, कारण रस्ता तिथून जातो आणि ग्राहक रस्त्यावर असतो. डोंगरातल्या जुन्या पिढ्यांनी घरं ओढ्यापासून वर बांधली. पर्यटनाने त्यांच्या नातवांना खाली, पाण्याच्या वाटेत आणून बसवलं. हे नुकसान कुठल्याही होमस्टेच्या ताळेबंदात दिसत नाही.

आणि मुळात माणसं का गेली? पलायन आयोगाच्या त्याच अहवालात निम्म्या लोकांनी रोजगार हे कारण दिलं, सुमारे १५ टक्क्यांनी शिक्षण, सुमारे ९ टक्क्यांनी आरोग्य. हे आकडे मला थोडे फसवे वाटतात, कारण माणूस एका कारणाने घर सोडत नाही. नोकरी शोधायला नवरा जातो, बायको मुलांच्या शाळेच्या नावाने जाते, सासू गुडघा दाखवायला जाते, आणि कुलूप एकच लागतं. आयोगानेच दाखवलं, की गेलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के राज्यातच राहिले, जवळच्या गावी, जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा डेहराडून-हल्द्वानीकडे. दिल्ली-मुंबईच्या ओढीपेक्षा चांगली शाळा आणि डॉक्टर जिथे आहे तिथे जाण्याची ही हालचाल आहे. यावर होमस्टे हे औषध अर्धवटच लागू पडणार. पाहुण्याचं भाडं आलं, तरी गणिताचा शिक्षक येत नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत तीन लाखांहून अधिक लोक परत आले, तेव्हा लोकांना वाटलं की आता गावं भरली. त्यातल्या बऱ्याच जणांनी रस्ते खुले झाल्यावर पुन्हा शहर गाठलं. गावातल्या ज्या उणिवांमुळे ते पहिल्यांदा गेले होते, त्या तिथेच होत्या.

मग सरकार सीमेवर काय करतंय? उत्तरकाशी जिल्ह्यातलं जाडुंग गाव १९६२च्या युद्धात रिकामं केलं गेलं. तिथले जाड भोटिया लोक बगोरी आणि डुंडा इथे वसले. आता ‘व्हायब्रंट व्हिलेज’अंतर्गत जाडुंगची पडकी घरं होमस्टे म्हणून पुन्हा उभारली जात आहेत. साठ वर्षं रिकाम्या गावात पहिली चूल पाहुण्यांसाठी पेटणार, याचा अर्थ काय लावायचा ते ज्याने त्याने ठरवावं. जाड कुटुंबांच्या दृष्टीने घर परत मिळणं हा विषय मोठा आहे, पर्यटन त्याची किंमत असेल तर ते ती मोजतीलही.

आपल्या सह्याद्रीत हा सगळा पट छोट्या प्रमाणात आहे, आणि तो परका नाही. जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली गावं पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गोदीवर आणि माथाडी कामावर जगली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. मनीऑर्डर आली की घर चाले, ही गढवालची गोष्ट तीच साताऱ्याच्या पश्चिमेची. पुढे कोयना धरण आलं, अभयारण्य आलं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. ज्यांना उठवायचं ते उठले, उरलेले कांदाटी खोऱ्यासारख्या ठिकाणी लाँचच्या फेऱ्या मोजत राहिले. आता त्याच भागात ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पासाठी रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली सुरुवातीला २३५ गावं आली. माजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचं दरे गाव याच खोऱ्यातलं. हरकती आल्या त्या मुख्यतः पर्यावरणाच्या बाजूने, आणि त्या रास्तही आहेत, कारण पश्चिम घाटाचा हा भाग नाजूक आहे. पण खोऱ्यातल्या माणसाला विचारलं तर तो आधी पूल, एसटी आणि दवाखाना याविषयी बोलेल. रिसॉर्टला तो हो म्हणेल, कारण रिसॉर्टबरोबर रस्ता येईल, असं त्याला वाटतं. ही संमती पर्यटनाला समजायची की रस्त्याला?

कासच्या फुलांच्या पठारावर वेगळं चित्र आहे. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समित्या प्रवेश शुल्क, वाहनतळ, वाटाडेपण सांभाळतात. रोजच्या गर्दीवर मर्यादा आहे. कमाई गावात येते, म्हणून गावकरी पाहुण्यांवर वैतागले तरी पर्यटनावर उलटत नाहीत. पण फुलं काही आठवडेच असतात. त्यावर वर्षभर गावात थांबणारा तरुण मिळत नाही. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पावसाआधीच्या काजव्यांनी अशीच थोड्या दिवसांची कमाई दिली, आणि महादेव कोळी घरांनी ती भाताच्या शेतीसोबत ठेवली. माझ्या मते त्यांचं शहाणपण तेच. त्यांनी काजव्यांवर शेती सोडली नाही.

एक बारीकसारीक, पण प्रत्यक्षातली गोष्ट शेवटी मांडतो. सातबारावर पाच-सात चुलतभावांची नावं असतात, त्यातला एक गावात असतो, बाकीचे नवी मुंबई, भिवंडी, पुण्याला. आराखड्यावर हरकती मागवल्या जातात त्या पावसाळ्यातल्या एका मुदतीत, सरकारी कार्यालयात, आणि हे चुलतभाऊ तेव्हा ड्युटीवर असतात. ग्रामसभा भरते तेव्हाही गावात म्हातारीकोतारीच असतात. गावदेवीची यात्रा किंवा मे महिना हा तेवढाच काळ असा, की चाकरमानी, सुना, मुलं सगळी घरी असतात. नवीन महाबळेश्वरवरच्या ग्रामसभा त्या आठवड्यांत घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, आणि तिथे जे लिहून घेतलं जाईल ते आज फायलींमध्ये असलेल्या कुठल्याही मतापेक्षा निराळं असेल, असं मला वाटतं.